धुरा पांडुरंगाचा



तुकोबारायांनी रानातल्या झाडावेलींस आणि पाखरांस आपले सोयरे मानले, ही गोष्ट वारकऱ्याच्या घरातल्या लहान लेकरासही ठाऊक असते. सप्ताहात तो अभंग निघाला की सारा मांडव डोलू लागतो. आणि मग काय होते? काल्याचा प्रसाद घेऊन घरी गेलेला आपला माणूस दुसऱ्या दिवशी वावरात जातो, खिशातली आगपेटी काढतो आणि धुऱ्यावरच्या वाळल्या गवताला काडी लावून देतो. कीर्तनात ज्याला सोयरा म्हणून आळवले, त्याचेच घर वावरात पेटवावयाचे, ही सोयरीक कोणत्या गावची? या एकाच प्रश्नाचा विचार आज आपण करू. विषय दोन-चार हात रुंदीच्या पट्टीचा आहे. पण त्या पट्टीवर आपला प्रपंच आणि परमार्थ दोन्ही उभे आहेत.

घाटाखालच्या व पश्चिमेकडच्या वाचकांसाठी सांगतो. तिकडे ज्याला बांध म्हणतात, त्याला आमच्या वऱ्हाडात धुरा म्हणतात. एकाचे वावर संपते, दुसऱ्याचे लागते, त्या दोहोंच्या मधली न पेरलेली जागा म्हणजे धुरा. तिथे नांगर जात नाही, वखर फिरत नाही. म्हणून जे कोणी पेरले नाही ते तिथे उगवते. पळस, बाभूळ, हिवर, कडुनिंब, बोर ही धुऱ्याची झाडे. रुई, तरवड, भुईरिंगणी, धोतरा ही धुऱ्याची झुडपे. आणि खाली गवत. या गवतात कोणाकोणाचा संसार असतो हे पाहावयाचे असेल, तर उन्हाळ्यातच पाहावे.

वऱ्हाडचा उन्हाळा ठाऊक नसलेल्यास तो शब्दांनी सांगून कळावयाचा नाही. अकोला-अमरावतीकडे वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. काळ्या मातीला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यातही पूर्णेच्या दोन्ही काठांचा खारपाणपट्टा पाहा. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांत जमिनीखालचे पाणी खारे. विहीर खणली तरी तिच्यावर ओलीत करता येत नाही. पावसावर कापूस, तूर, मूग, उडीद घ्यावयाचे आणि ओलीवर हरभरा. हरभरा निघाला की वावर मोकळे. फाल्गुनापासून मिरगापर्यंत मैलच्या मैल काळे रान उघडे पडलेले असते. तिथे एक काडी हिरवी दिसत नाही. दिसते ती फक्त धुऱ्यावर.

फाल्गुनात पळस पेटल्यासारखा फुलतो, पण त्या पेटण्याने कोणी जळत नाही. त्या फुलांवर साळुंक्या येतात, मधमाश्या येतात. चैत्रात कडुनिंबाला मोहर येतो आणि सारे रान कडू-गोड वासाने भरून जाते. वैशाखात बहावा पिवळ्या झुंबरांनी लवतो. बहावा फुलला की दीड महिन्याने पाऊस, असा जुन्या माणसांचा हिशेब. भुईरिंगणीची जांभळी फुले तर भर दुपारी, फुफाट्याला चिकटून हसत असतात. तिला ना कोणी पाणी घातले, ना खत. आमच्या मते भुईरिंगणी ही रानातली वारकरीणच आहे. अंगावर काटे, पायाखाली चटके आणि तोंडावर हसू.

गवताच्या बुडाशी तितराची जोडी बसते. लाव्हरी बसते. ढेकळांत टिटवी चार अंडी घालते आणि ती अशी मातीच्या रंगाची की पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, सखल जागी घातली की कमी, असे आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. तो ठोकताळा खरा असो वा नसो, पण त्यामुळे शेतकरी टिटवीचे घरटे शोधीत होता, पाहत होता, आणि जे पाहिले त्यावर पाय देत नव्हता. हा त्या समजुतीचा केवढा मोठा लाभ! आज वेधशाळेचा अंदाज भ्रमणध्वनीवर येतो. तो अवश्य पाहावा. पण टिटवीकडे पाहण्याचे सोडू नये.

आता या घराला काडी लागली म्हणजे काय होते? मोठे जनावर पळून जाते, उडणारे उडून जाते. जळतात ती अंडी, पिले, सरडे, कासवे, साप, गवताच्या मुळ्या आणि झाडांची नवी पालवी. पळसाचे रोप यंदा जळाले, पुढल्या वर्षी पुन्हा मुळातून फुटले, पुन्हा जळाले. असे दहा वर्षे चालले की धुऱ्यावर झाड म्हणून उरत नाही. अलीकडे काडीच्या जोडीला तणनाशकाचा पंप आला आहे. त्याचा धूर दिसत नाही एवढेच. शिवाय आग काही धुऱ्याची शीव ओळखीत नाही. वरुड, मोर्शी, चांदूर बाजाराकडे एकाने पेटवलेल्या धुऱ्याने शेजाऱ्याची संत्र्याची बाग होरपळावी, ठिबकाच्या नळ्या वितळाव्यात, कुटाराची गंजी भस्म व्हावी, असे उन्हाळ्यात घडत असते. ज्याची बाग गेली त्याने ती लेकरांसारखी वाढवलेली असते. ते पाप कोणाच्या खाती मांडावयाचे?

शेतकरी म्हणतो, आम्ही उगाच हौसेने पेटवीत नाही. खरे आहे. त्याचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. कारण दुसऱ्याचे दुःख न ऐकता केलेला उपदेश वारा होऊन जातो.

तो म्हणतो, धुऱ्यावरच्या काडीकचऱ्यात कीड राहते. हे अर्धे खरे आहे. कपाशीची गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीत आणि वाळल्या बोंडांत दडून राहते. २०१७ साली तिने विदर्भात काय दैना केली ते कोणी विसरलेले नाही. म्हणून हंगाम संपल्यावर फरदड घेऊ नये, पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नये, असे कृषी विद्यापीठ सांगते, आणि ते ऐकलेच पाहिजे. अकोल्याचे हे विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि पापळच्या मातीत जन्मलेल्या भाऊसाहेबांचे, डॉ. पंजाबराव देशमुखांचे, नाव त्याला आहे. पण अळी पऱ्हाटीत आहे, धुऱ्यावरच्या पळसात नाही. पऱ्हाटी उपटा, बारीक करा, खताच्या खड्ड्यात घाला. वावराची उन्हाळी नांगरट करा, म्हणजे मातीतले कोष उन्हात उघडे पडतील. आणि ते कोष वेचतो कोण? नांगरामागे बगळे, साळुंक्या, कावळे कसे रांगेने चालतात ते प्रत्येकाने पाहिले आहे. मजुरी न मागणारे हे मजूर आहेत. हरभऱ्यात घाटेअळी पडली म्हणजे आपण वावरात काड्या रोवून पक्षीथांबे करतो, कोतवालाने त्यावर बसावे आणि अळ्या टिपाव्यात म्हणून. मग तो कोतवाल वैशाखात कुठे राहिला, याचा विचार कोणी करावयाचा? उन्हाळ्यात ज्याचे घर जाळले, त्याला हिवाळ्यात कामाला बोलावण्यात काय अर्थ?

तो म्हणतो, गवतात साप असतात. असतात खरे, आणि शेतकऱ्याने रात्री बॅटरी व पायात जोडा घेऊनच वावरात जावे. पण त्यातली धामण ही विषारी नव्हे. ती उंदरांचा काळ आहे. घुबडही तसेच. धामण मारून, घुबड हाकलून मग उंदरांच्या औषधासाठी दुकानात जावयाचे, हा उलटा व्यवहार झाला.

कडुनिंबाचेच पाहा. मिरगाच्या सुमारास त्याच्या निंबोळ्या पडू लागतात. त्या वाळवून कुटाव्या, पाच किलो भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून गाळावी आणि शंभर लिटर पाणी होईल इतके पाणी घालून फवारावी. हा पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क पुष्कळ किडींवर चालतो. धुऱ्यावरचे झाड असे औषधही देते. आणि पळस? पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे पळसाच्या पानाने शेकतो आणि त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण देतो. वर्षभर ज्याने ओझे वाहिले त्याची क्षमा मागण्याची ही केवढी सुंदर रीत! धुऱ्यावरचा पळसच उरला नाही तर बैलाला आवतण कशाने द्यावयाचे?

आता दुसरा आक्षेप. तो याहून कठीण आहे आणि त्याच्यापुढे आम्हालाही क्षणभर थांबावे लागले. एका गावी निरूपण संपल्यावर एक म्हातारा शेतकरी पुढे आला. पाया पडला आणि म्हणाला, “महाराज, तुमी म्हनता झाडं-पाखरं सोयरे. बरोबर हाये. पन माह्या तुरीत रातच्याले रोह्याचा कळप उतरला अन् सकाळी नुसते खुटं राह्यले. आता त्या सोयऱ्याले मी का म्हनू? सोसायटीचं कर्ज तो फेडते का?”

मंडळी, या प्रश्नाला हसून किंवा अभंग म्हणून उत्तर देता येत नाही. रोही आणि रानडुक्कर यांनी अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याची झोप उडवली आहे. हरभरा, तूर, सोयाबीन, मका, काही सुटत नाही. जागलीला जावे तर दिवसभर राबलेले शरीर रात्री साथ देत नाही. ज्वारीचा पेरा कमी होण्याला जी कारणे झाली, त्यांत राखणीचा हा जाच एक आहे. ज्या भागातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांना विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी खास मदत जाहीर करावी लागली, त्या सहांत अमरावती आणि अकोला दोन्ही आहेत. अशा शेतकऱ्याला आम्ही ‘सगळे रान जनावरांना सोडून दे’ असे सांगू लागलो, तर पांडुरंग आम्हाला विचारील, “तू कधी वखर धरला होतास काय?”

संतांनी तसे सांगितलेलेही नाही. महिपतींनी तुकोबांच्या चरित्रात एक कथा दिली आहे. तुकोबांना एकाने शेत राखावयास बसविले. ते नामात रंगले, पाखरे कणसांवर उतरली, आणि तुकोबांना त्यांना हाकलवेना. मालक रागावला, पंचांपुढे गेला, तुकोबांवर भरपाई बसली. पुढे मळणी केली तेव्हा अपेक्षेहून कितीतरी जास्त धान्य निघाले. ही कथा आपण देवाच्या चमत्कारासाठी सांगतो. पण तुकोबांनी त्या जास्तीच्या धान्याचा लोभ धरला नाही, हे सांगावयाचे राहून जाते. पाखराला दाणा देताना बदल्यात दहा मिळतील असा हिशेब त्यांच्या मनात नव्हता. तेव्हा ‘पाखरांना खाऊ दे, देव भरून देईल’ असा सौदा या कथेतून काढू नये.

आणि राखण करणे, मशागत करणे हाही धर्मच आहे. अरणच्या सावता महाराजांकडे पाहा. त्यांचे आयुष्य मळ्यात गेले. कांदा, मुळा, भाजी यांतच त्यांना विठाई दिसली. याचा अर्थ त्यांनी मळा वाऱ्यावर सोडला असा नव्हे. त्यांनी मोट हाकली, आळी केली, तण काढले, पाणी वळविले. ज्या रोपात देव दिसतो त्या रोपाची हेळसांड कशी होईल? तेव्हा पीक राखावे. जाळी लावावी, काटेरी कुंपण करावे, चार शेजाऱ्यांनी मिळून आळीपाळीने जागल करावी. सौर कुंपणाचा झटका जनावराला हाकलतो, मारीत नाही. जंगलालगतच्या गावांना त्यासाठी शासनाची मदत मिळते, ती मागून घ्यावी. नुकसान झाले तर वनखात्याकडे अर्ज करावा, पंचनामा करून घ्यावा. हक्काची भरपाई मागण्यात कमीपणा नाही.

परंतु दोन गोष्टी करू नयेत. तारेत घरचा जिवंत विद्युत्प्रवाह सोडू नये आणि विष ठेवू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, पण आम्ही कायद्याच्या भीतीने सांगत नाही. त्या तारेला अंधारात रोही लागतो तसा शेजाऱ्याचा पोरही लागतो. जागलीला निघालेले बापलेक अशा तारेवर गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. विष खाल्लेले जनावर नाल्याकाठी मरते, त्याला कुत्रे खाते, कावळा खातो, आणि एका रागापायी दहा जीव जातात. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे निरूपण केले आहे. पायाखाली एखादा सूक्ष्म जीव दुखावेल म्हणून जो पाऊलही हळू टाकतो, अशा पुरुषाचे चित्र तिथे आहे. एवढे आपल्याला साधणार नाही. पण अंधारात तारेचे पाते लपवून ठेवू नये, एवढे तर साधेल!

म्हणून त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला आम्ही म्हणालो, “माउली, तुमची तूर तुमचीच आहे. ती राखा. रोह्याला तुरीतून हाकला, आरोळी द्या, कुंपण करा. आमचे मागणे एवढेच आहे की वावर तुमचे राहू द्या आणि धुरा पांडुरंगाचा राहू द्या.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “धुऱ्याचं म्हनता तर जमते. तो तसाही ना माहा, ना त्याचा.”

त्यांच्या या शब्दांत सारे निरूपण आले. धुरा ना माझा, ना त्याचा! पण प्रत्यक्षात काय चालते? दर साली वखराचे एक तास धुऱ्यात घुसवावयाचे. तो इकडून कोरतो, हा तिकडून कोरतो. सहा हातांचा धुरा दोन हातांवर येतो. मग मोजणी, मग तंटा, मग कोर्टाच्या तारखा. सख्ख्या भावांची तोंडे एका तासाच्या मातीपायी कायमची फिरतात. वकिलाच्या फीत वावर जाते, धुरा तिथेच राहतो. ज्या दिवशी दोन्ही शेजारी मिळून म्हणतील की ही जागा देवाची, त्या दिवशी पाखरांना घर मिळेल आणि भावाला भाऊ मिळेल. शिवाय काळी माती फार चंचल. मिरगाचा पहिला मोठा पाऊस आला की ती नाल्यावाटे पूर्णेला धावते. तिला अडविते ते धुऱ्यावरचे गवत. जाळलेला, कोरलेला धुरा माती धरीत नाही. जी माती पूर्णेत गेली ती पुन्हा कोणत्या कोर्टातून आणावयाची?

याच मुलखात गाडगेबाबा होऊन गेले. २३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी त्यांचा जन्म झाला आणि मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाच्या घरी ते वाढले. गुरे चारली, नांगर धरला, पीक राखले. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली; शेतकऱ्याचे दुःख त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. त्यांच्याविषयी असे सांगतात की एकदा शेतात पाखरे हाकीत असता एक साधू आला, आणि हे धान्य तुझ्या मालकीचे आहे काय, एवढेच त्याने विचारले. तो प्रश्न त्यांच्या मनात रुतून बसला. पुढे १९०५ साली त्यांनी घर सोडले आणि हातात खराटा घेतला. बाबांच्या नावाने लोक जी दहा कलमे सांगतात, त्यांत तहानलेल्यास पाणी आहे आणि मुक्या प्राण्यास अभयही आहे. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळच वलगावच्या वाटेवर त्यांनी देह ठेवला. ज्या मातीत बाबा जन्मले आणि ज्या मातीत त्यांनी देह ठेवला, त्या मातीत पाण्यावाचून तडफडून एक साळुंकी मरावी, हे आपल्याला शोभते काय?

तेव्हा गुढीपाडव्याला सालगड्याचे साल सुरू होते, त्याच दिवशी मालकानेही आपल्यापुरता एक उन्हाळ्याचा नेम धरावा. तो मिरग लागेपर्यंत पाळावा. आम्हाला सुचतो तो असा.

पहिला नेम आगपेटीचा. धुऱ्यावर काडी लावावयाची नाही, तणनाशक फवारावयाचे नाही. वाटेत येणारे गवत विळ्याने कापावे, गुरांना घालावे किंवा झाडाच्या आळ्यात पसरावे. पेटत्या बिडीचे थोटूक धुऱ्यावर टाकणे हीही काडीच समजावी.

दुसरा नेम पाण्याचा. आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर भरतो. त्याच दिवशी एक मातीचे पसरट भांडे धुऱ्यावरच्या निंबाखाली ठेवावे. त्यात दोन-तीन दगड घालावेत, म्हणजे मधमाशी व लहान पाखरू बुडणार नाही, बसून पिईल. रोज सकाळी ते धुवावे आणि भरावे. खारपाणपट्ट्यात पिण्याचे पाणी दुरून येते हे आम्ही जाणतो. पण एका तांब्याने कोणाचे घर कोरडे पडत नाही. नाथबाबांनी काशीहून आणलेली कावड रामेश्वराला न घालता वाळूत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली. ते पाणी रामेश्वराला पोचले यावर आपला विश्वास आहे ना? मग साळुंकीला पाजलेले पंढरीला पोचेल.

तिसरा नेम घरट्याचा. वखरताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली तर बैल थांबवावे, ट्रॅक्टर असेल तर तो थांबवावा. खाली उतरून अंडी शोधावीत, भोवती चार काड्या रोवाव्यात आणि तेवढी चौकट सोडून पुढे जावे. दोन हात जमीन आठ-पंधरा दिवस उशिरा वखरली म्हणून पीक बुडत नाही.

चौथा नेम विहिरीचा. उघड्या विहिरीला कठडा बांधावा. रात्री पाण्याच्या वासाने आलेले हरिण, रोही त्यात पडते, आणि कधी आपलेच लेकरूही पडते. कठडा बांधणे होत नसेल तर निदान काटेरी फांद्यांचा आवार तरी करावा.

पाचवा नेम बियांचा. बहाव्याच्या शेंगा, निंबोळ्या, करंजाच्या बिया, बोरांच्या आठोळ्या उन्हाळ्यात वेचून ठेवाव्यात. पहिला पाऊस झाला की वारीला निघण्याआधी त्या धुऱ्यावर टोचाव्यात. पाच टोचाव्या, एक जगली तरी पुरे. ती सावली तुम्हाला मिळो न मिळो, कोणाला तरी मिळेल.

या पाचांत कोणाला कर्ज काढावे लागत नाही, आणि पिकाचा एक दाणाही सोडावा लागत नाही. एवढेच म्हणावे लागते की या भूमीवर एक जागा अशी आहे जिथे माझे काही नाही. मनुष्याला एवढे म्हणता आले तर पुढची वाट देव दाखवितो. सारे माझे, सारे माझे म्हणून जो धुऱ्यापर्यंत नांगर नेतो, तो शेवटी साडेतीन हातांच्या जागेवर निजतो, आणि तीही आपली नसते.

शेवटी एका नात्याची आठवण करून देतो. वऱ्हाड हे आई रखुमाईचे माहेर. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. तिथून तिच्या नावाची पालखी दर वर्षी पंढरपूरला निघते. उन्हाळ्यात लेक माहेरी यावयाची म्हटले म्हणजे आई काय करते? अंगण सारवते, माठ भरून ठेवते, सावलीला बाज टाकते. आपल्या या लेकीचे माहेर आपण कसे ठेविले आहे? तिने येऊन पाहिले तर धुऱ्यावर राख दिसावी, की पळसाखाली पाण्याचे भांडे आणि त्यावर वाकलेली साळुंकी दिसावी?

ज्येष्ठात पालख्या निघतील. पांढऱ्या फुफाट्यातून बाया-माणसे चालत जातील, आणि दुपारी वाटेवरच्या एखाद्या निंबाखाली टेकतील. तो निंब कोणीतरी लावला होता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मधल्या साऱ्या उन्हाळ्यांत तो कोणीतरी जाळला नव्हता. त्या न जाळणाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. पण त्याच्या सावलीत बसून वारकरी नाम घेतो, तेव्हा ते नाम त्याच्याही खाती जमा होते, अशी आमची निष्ठा आहे.

वाचकहो, या उन्हाळ्यात आगपेटी घरी ठेवा, पाण्याचे भांडे वावरात न्या, आणि धुरा पांडुरंगाला द्या. रामकृष्ण हरी!